दिव्याच्या काचेवर काय लिहिलंय? वाहनं आणि सायकलींच्या दिव्यांची मान्यता, पहिल्यापासून

हेडलाइटच्या लो-बीमच्या (खाली झुकलेल्या झोताच्या) चाचणीत दिव्यापासून २५ मीटरवर एक पडदा असतो. त्या पडद्यावरचे दोन बिंदू नीट समजले की या विषयाचं निम्मं कोडं सुटतं. प्रत्येक बिंदू रस्त्यावरच्या एका जागेची दिशा दाखवतो. पहिला बिंदू आपल्या बाजूच्या रस्त्याच्या कडेचा, ७५ मीटर पुढचा. तिथे कुणी पायी चाललेलं असू शकतं, म्हणून तिथे किमान १०,१०० कँडेला (एका दिशेला जाणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेचं एकक) तीव्रता हवी. दुसरा बिंदू ५० मीटरवरून समोर येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांचा. तिथे ३५० कँडेलाच्या वर जायचं नाही. पडद्यावर या दोन बिंदूंमध्ये वर-खाली अर्धा मीटर आणि आडवं दोन मीटर एवढंच अंतर आहे. तेवढ्यात तीव्रता एकोणतीसपट बदलायची.

हे आकडे संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ११२ मधले, बी वर्गाच्या हेडलाइटचे. नव्या माणसाला मी आधी हेच दाखवतो, कारण बहुतेक जण ‘किती लुमेन?’ असं विचारत येतात. लुमेन म्हणजे दिव्यातून चहूकडे बाहेर पडणारा एकूण प्रकाश. मान्यता देणाऱ्याला मुख्य काळजी असते ती प्रकाश कुठे पडतो आणि कुठे पडत नाही याची. दिवा कितीही प्रखर असू दे, वरचा अंधार राखता येत नसेल तर तो रस्त्यावर आणण्याजोगा नाही.

हा लेख दिवे बनवायला, आयात करायला, विकायला किंवा स्वतःच्या गाडीला बसवायला निघालेल्या नव्या माणसासाठी आहे. क्रम मी मुद्दाम असा ठेवला आहे, कारण पहिली पायरी चुकली की पुढचा सगळा खर्च वाया जातो.

पहिली पायरी: वाहन कोणत्या वर्गात मोडतं ते ठरवा

दिव्याचा नियम वाहनाच्या वर्गावरून ठरतो. संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीत प्रवासी वाहनं एम, मालवाहू एन, ट्रेलर ओ आणि दुचाकी-तीनचाकी एल वर्गात येतात. दिवे कुठे आणि किती बसवायचे याचे नियमही वर्गाप्रमाणे वेगळे: मोटारी, ट्रक, ट्रेलरसाठी नियम ४८, मोटरसायकलसाठी ५३, मोपेडसाठी ७४.

सर्वात जास्त गोंधळ इलेक्ट्रिक सायकलींचा होतो. युरोपीय संघात २५० वॅटपर्यंतची मोटर असलेली, पेडल मारल्यावरच मदत करणारी आणि ताशी २५ किलोमीटरला मदत थांबवणारी सायकल ही कायद्याने सायकलच. तिला सायकलचे दिवे चालतात. ताशी ४५ किलोमीटरपर्यंत मदत करणारी सायकल मात्र १६८/२०१३ या नियमावलीखाली एल१ई-बी वर्गात, म्हणजे मोपेडांच्या रांगेत जाते. सांगाडा तोच, हँडल तेच, पण दिवा वाहनांच्या मान्यतेचा लागतो. दिसायला दोन्ही सायकली सारख्याच असल्यामुळे विक्रेतेसुद्धा इथे फसतात.

दुसरी पायरी: बाजारपेठ कोणत्या पद्धतीची आहे ते पाहा

जगात ढोबळमानाने दोन रीती आहेत. एकीत आधी सरकारी मान्यता आणि मग विक्री. दुसरीत उत्पादक स्वतःच हमी देतो आणि सरकार नंतर तपासतं.

पहिल्या रीतीचा पाया २० मार्च १९५८ चा जिनिव्हा करार. त्याचं काम संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाखालच्या डब्ल्यूपी.२९ या मंचावर चालतं. करारातल्या एका देशाने एखाद्या नियमाखाली दिवा मंजूर केला, की तो नियम लागू करणारे बाकीचे देश ती मंजुरी मानतात, पुन्हा चाचणी मागत नाहीत. म्हणूनच वर्तुळात कोरलेलं ‘ई’ हे अक्षर इतक्या ठिकाणी दिसतं. शेजारचा आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा: १ जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली, ४ नेदरलँड्स, ११ ब्रिटन, १३ लक्झेंबर्ग, ४३ जपान, ४५ ऑस्ट्रेलिया. दिवा कुठे तयार झाला हे या आकड्यावरून कळत नाही. ‘ई४ आहे, म्हणजे डच माल’ असं कुणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नका. कारखाना कुठलाही असेल, मंजुरी डच अधिकाऱ्यांनी दिली एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी रीत अमेरिकेची. तिथे एफएमव्हीएसएस १०८ हे एकच जाडजूड मानक बहुतेक सगळे दिवे, परावर्तक आणि त्यांची बसवणी सांभाळतं. आधी मंजुरी देणारं कार्यालयच नाही. उत्पादक स्वतः चाचण्या करवून घेतो आणि काचेवर ‘डीओटी’ (अमेरिकी परिवहन खात्याची आद्याक्षरं) कोरतो. ती अक्षरं सरकारची पसंती नसून उत्पादकाची शपथ आहे. एनएचटीएसए ही वाहतूक सुरक्षा संस्था बाजारातून माल विकत घेऊन तपासते आणि तो नापास झाला तर उत्पादकाला माल परत बोलवावा लागतो. म्हणून ‘आमच्याकडे अमेरिकेचं डीओटी प्रमाणपत्र आहे’ असं म्हणत कुणी कागद पुढे केला, तर तो प्रयोगशाळेचा अहवाल असू शकेल, सरकारी प्रमाणपत्र नव्हे. बाहेरच्या उत्पादकाला अमेरिकेत दोन गोष्टी कराव्या लागतात: उत्पादन सुरू झाल्यापासून ३० दिवसांत स्वतःची ओळख आणि मालाची माहिती नोंदवणं आणि कायदेशीर कागदपत्रं स्वीकारणारा तिथला प्रतिनिधी नेमणं. नवखे लोक चाचणीवर सगळा पैसा खर्च करतात आणि नेमकं हे साधं काम विसरतात.

बाकीच्या बाजारपेठा या दोन रीतींच्या आसपास आहेत. कॅनडाचं मानक अमेरिकेच्या जवळचं, पण दिवसा चालू राहणारे दिवे तिथे डिसेंबर १९८९ पासूनच्या नव्या गाड्यांना सक्तीचे. दक्षिण कोरियात स्वयं-हमी आहे, तरी १९५८ च्या करारातही तो देश आहे आणि त्याचा क्रमांक ५१. ऑस्ट्रेलियाचे स्वतःचे डिझाइन नियम आहेत आणि दिव्यांच्या बाबतीत ते संयुक्त राष्ट्रांच्या नियमांना धरून चालतात. चीन १९५८ च्या करारात नाही. तिथे जीबी ही चिनी राष्ट्रीय मानकं लागू होतात. भारतही त्या करारात नाही, १९९८ च्या दुसऱ्या करारात आहे. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ खाली एआयएस ही भारतीय वाहन उद्योगाची मानकं लागतात. बसवणीसाठी मोटारींना एआयएस-००८, दुचाकी-तीनचाकींना एआयएस-००९. चाचणी एआरएआय, आयकॅट यांसारख्या अधिकृत संस्थांकडे होते. एआयएस मानकांचा मजकूर बऱ्याच अंशी संयुक्त राष्ट्रांच्या नियमांवर बेतलेला आहे, त्यामुळे एका बाजारासाठी नीट आखलेला दिवा दुसऱ्या चाचणीला न्यायला फार जड जात नाही. नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१७ पासून इंजिन चालू असताना हेडलाइट आपोआप चालू राहण्याची सक्तीही इथे आहे.

तिसरी पायरी: काच वाचा

आता दिवा हातात घ्या आणि काचेवर तिरका उजेड टाका. कोरलेली अक्षरं दिसतील. समजा तिथे लिहिलंय: एचसीआर, त्याखाली बाण, मग २०, शेजारी वर्तुळात ई आणि ४, पुढे ०१ आणि एक लांब क्रमांक.

एच म्हणजे मुळात हॅलोजन बल्ब. सी म्हणजे लो-बीम, आर म्हणजे हाय-बीम. एच ऐवजी डी असेल तर दिवा झेनॉनचा. २० हा हाय-बीमच्या तीव्रतेचा संदर्भांक. गाडीवरच्या एका वेळी पेटणाऱ्या सगळ्या हाय-बीमच्या संदर्भांकांची बेरीज १०० च्या वर जाता कामा नये. त्याचा अर्थ एकूण ४,३०,००० कँडेला. जादा हाय-बीम लावू पाहणाऱ्याने ही बेरीज आधी करावी. ०१ म्हणजे नियमाच्या सुधारणांची मालिका. लांब क्रमांक मंजुरीचा.

आता बाण. तो नसेल तर दिवा उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी आहे. दिव्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर बाण आपल्या उजवीकडे जात असेल, तर तो डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी. दोन्ही टोकांचा बाण असेल तर दोन्हींसाठी. ‘दिव्याकडे तोंड करून’ हे शब्द अधोरेखित करून ठेवा. माझ्या हातून एकदा एक रेखाचित्र असं पुढे गेलं की त्यात बाण चालकाच्या बाजूने पाहून काढला होता. साचा कापला गेला, पहिल्या काचा आल्या आणि त्यांच्यावर बाण उलटा. प्रकाश बरोबर पडत होता, खूण मात्र खोटी. साचा पुन्हा दुरुस्त करावा लागला. तेव्हापासून प्रत्येक रेखाचित्रावर मी ‘निरीक्षक दिव्यासमोर’ असं लिहून घेतो.

ही बाणाची गोष्ट एवढी मोठी का? लो-बीमच्या झोताची वरची कड सरळ नसते. आपल्या कडेच्या बाजूला ती वर चढते, म्हणजे पदपथ आणि पाट्या दिसाव्यात. जर्मनीसाठी बनलेला दिवा डावीकडून चालणाऱ्या देशात लावला, तर हा चढ बरोबर समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि आपली स्वतःची कडा अंधारात राहते. काचेवर काळी पट्टी चिकटवून डोळ्यांत जाणारा झोत अडवता येतो, पण कडेला हवा असलेला उजेड त्याने येत नाही. मोटरसायकलवाल्यांचं थोडं सोपं आहे: नियम ११३ खालचे हेडलाइट दोन्ही बाजूंना सारखे असतात, त्यामुळे डाव्या-उजव्या वाहतुकीचा प्रश्नच येत नाही.

मागच्या आणि बाजूच्या दिव्यांवरची अक्षरं वाचताना आणखी जपा, कारण अमेरिकी आणि संयुक्त राष्ट्रांची अक्षरं तीच असली तरी अर्थ वेगळे आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या खुणांत ए म्हणजे पुढचा पार्किंग दिवा. अमेरिकेच्या एसएई (वाहन अभियंत्यांची संघटना) खुणांत ए म्हणजे परावर्तक. इकडे सिग्नलच्या दिव्यावरचा आर म्हणजे मागचा टेललाइट, तिकडे आर म्हणजे रिव्हर्सचा दिवा. इकडे एफ हा मागचा लाल फॉग, तिकडे एफ पुढचा. इकडे ब्रेकलाइट एस१, मागचा इंडिकेटर २ए, दिवसाचा दिवा आरएल. तिकडे ब्रेकलाइट एस, टेललाइट टी, इंडिकेटर आय. जगभर जाणाऱ्या दिव्यांवर दोन्ही खुणा शेजारी-शेजारी कोरलेल्या असतात, तेव्हा कुठली रांग कुठल्या पद्धतीची हे आधी ओळखा आणि मगच अक्षरं लावा.

नव्या दिव्यांवर कदाचित एवढं काहीच दिसणार नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये जुने बरेच नियम एकत्र करून तीन नवे लागू झाले: सिग्नलच्या दिव्यांसाठी १४८, रस्ता उजळणाऱ्या दिव्यांसाठी १४९, परावर्तकांसाठी १५०. त्याबरोबर सगळ्या खुणांऐवजी यूआय (एकमेव ओळख-क्रमांकाची खूण) ही अक्षरं आणि एकच क्रमांक कोरण्याची मुभाही आली. तपशील मग देशोदेशीच्या मान्यता-अधिकाऱ्यांच्या सामाईक डिजिटल नोंदीत राहतो. काच त्यामुळे मोकळी झाली, पण दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला दिवा वाचणं अवघड झालं. मला व्यक्तिशः जुनी अक्षरं बरी वाटतात.

चौथी पायरी: बल्ब आणि दिवा ही एकच जोडी

हॅलोजन दिव्याचा आरसा तारेच्या एका ठरावीक जागेसाठी घडवलेला असतो. ती तार किती लांब आणि बैठकीपासून किती अंतरावर, हे नियम ३७ मध्ये मिलिमीटरच्या अंशात दिलेलं आहे. त्या जागी एलईडी चिप बसवली, तर उगम दोन चपट्या पृष्ठभागांचा होतो, मधे पट्टी येते आणि आरशाला ज्या जागेतून प्रकाश अपेक्षित असतो तिथून तो येत नाही. लख्ख उजेड पडतो, पण वरची कड विरघळते. झेनॉनचा किट लावण्यातही हाच दोष आहे. शिवाय नियम ४८ प्रमाणे २००० लुमेनपेक्षा जास्त प्रकाशाच्या लो-बीमला काच धुण्याची यंत्रणा लागते आणि ती जुन्या गाडीत नसते.

म्हणून ‘एच४ एलईडी’ (एच४ हा हॅलोजन बल्बचा एक प्रकार) असा बल्ब खोक्यावर ई-खूण मिरवत असेल, तर ती खूण कोणत्या नियमाखालची ते पाहा. विद्युत-चुंबकीय व्यत्ययासाठी नियम १० आहे आणि त्याखालची खूण अशा बल्बांवर बरेचदा दिसते. बल्बमुळे रेडिओत खरखर होत नाही एवढंच ती सांगते. सीई खुणेचंही तसंच. वीज, व्यत्यय, घातक पदार्थ यांबद्दलची ती युरोपीय घोषणा आहे. झोत कसा पडतो याच्याशी तिचा संबंध नाही. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बदली-बल्बांना रस्त्यासाठी मंजुरी मिळाली, पण तीही यादीतल्या ठरावीक गाड्यांच्या ठरावीक हेडलाइटपुरती. जोडी तपासली, म्हणून मंजुरी मिळाली.

पाचवी पायरी: बसवण्याची जागा

मंजूर दिवा चुकीच्या उंचीवर बसवला तर गाडी नापास. नियम ४८ मध्ये लो-बीमची उंची जमिनीपासून ५०० ते १२०० मिलिमीटर. अमेरिकेत २२ ते ५४ इंच, म्हणजे साधारण ५५९ ते १३७२ मिलिमीटर. दोन्हीकडे चालायचं असेल तर ५५९ ते १२०० या पट्ट्यात राहा. इंडिकेटरची लय मिनिटाला ६० ते १२०. दिवसाच्या दिव्याची तीव्रता नियम ८७ मध्ये ४०० ते १२०० कँडेला.

मागचा इंडिकेटर हा जगभर विकायच्या गाडीतला जुना वाद आहे. अमेरिकेत तो लाल चालतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियमात तो नारिंगीच हवा. नारिंगी दोन्हीकडे चालतो, तेव्हा सुरुवातीलाच नारिंगी निवडा. मात्र अमेरिकेत साध्या मोटारीच्या मागच्या इंडिकेटरचं उजळणारं क्षेत्र किमान ५० चौरस सेंटिमीटर लागतं, आणि युरोपातल्या बारीक रेघेसारख्या दिव्यांना ते जमत नाही. बाजूला पुढे नारिंगी आणि मागे लाल असे दिवे आणि परावर्तकही अमेरिकेत सक्तीचे. हे नंतर चिकटवलं की ओबडधोबड दिसतं. गाडीच्या आराखड्यातच जागा सोडा.

सहावी पायरी: प्रयोगशाळेत जाताना

नियमांचा मजकूर आधी स्वतः वाचा. संयुक्त राष्ट्रांचे नियम आणि अमेरिकेचं मानक दोन्ही फुकट वाचायला मिळतात. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची मानकं विकत घ्यावी लागतात. दुसऱ्याने केलेल्या सारांशावर, या लेखावरसुद्धा, साचा कापू नका.

मग मंजुरीआधीची खासगी चाचणी करा. दिवा गोनिओफोटोमीटरवर बसवतात, तो अंशाअंशाने फिरतो आणि प्रत्येक दिशेची तीव्रता मोजली जाते. पहिल्या नमुन्यात वरच्या भागात एखादा चुकार किरण हमखास सापडतो. बहुतेकदा तो आरशाच्या शिवणीवरून किंवा काचेच्या कडेवरून उडालेला असतो. तो सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

संयुक्त राष्ट्रांच्या मान्यतेसाठी अर्ज, रेखाचित्रं, प्रकाशस्रोताचं वर्णन, खुणेसाठी राखलेली जागा आणि नमुने एखाद्या देशाने नेमलेल्या तांत्रिक सेवेकडे, म्हणजे चाचणी संस्थेकडे जातात. मोजमाप एकदा होऊन संपत नाही. हेडलाइट १२ तास पेटवून पुन्हा मोजतात, काचेवर ठरलेल्या मिश्रणाची धूळ चढवून मोजतात. लो-बीमची कड गरम झाल्यावर किती सरकते हेही पाहतात. मर्यादा एक मिलिरेडियन, म्हणजे २५ मीटरवर अडीच सेंटिमीटर. प्लॅस्टिकची बैठक उष्णतेने किंचित वाकली तर इथे पकडली जाते. पहिल्या दिवशी उत्तम दिसलेले दिवे याच चाचणीत पडतात, म्हणून बैठकीच्या प्लॅस्टिकवर पैसे वाचवू नका.

मंजुरीनंतर उत्पादनाची सुसंगती राखावी लागते. कारखान्यातून निघालेल्या दिव्यात ठरलेल्या मूल्यांपासून प्रतिकूल दिशेने २० टक्क्यांपेक्षा जास्त घसरण चालत नाही. एलईडीचा पुरवठादार बदललात तर आधी मान्यता-अधिकाऱ्यांना विचारा. मंजुरी त्या चिपसह दिलेली असते.

सायकल: नियम सगळ्यात विखुरलेले

मोटारींसाठी जग निदान दोन रीतींत विभागलं आहे. सायकलींच्या दिव्यांना अशी जागतिक मान्यता नाही. आयएसओ ६७४२ हे दिवे आणि परावर्तकांचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, पण रस्त्यावर काय चालतं ते प्रत्येक देश आपापलं ठरवतो.

सगळ्यात काटेकोर जर्मनी. तिथल्या एसटीव्हीझेडओ या नियमावलीचं कलम ६७ सांगतं की सायकलचा दिवा मंजूर प्रकारचाच हवा. मंजुरी फ्लेन्सबुर्गचं संघीय मोटार वाहन कार्यालय देतं आणि खूण असते नागमोडी रेघ, के हे अक्षर आणि क्रमांक. पुढच्या दिव्याने १० मीटरवर सर्वात उजळ जागी किमान १० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं एकक) द्यायला हवेत आणि झोताच्या कडेवर, समोरच्याच्या डोळ्यांच्या दिशेला, प्रकाश अगदी कमी राहिला पाहिजे. लक्सचं कँडेलात रूपांतर सोपं आहे: लक्सला अंतराच्या वर्गाने गुणा. १० लक्स गुणिले १०० म्हणजे १००० कँडेला. खोक्यावर ‘४० लक्स’ लिहिलेला दिवा ४००० कँडेलाचा. हा हिशेब येऊ लागला की सायकलचा दिवा मोटारीच्या दिवसाच्या दिव्याशीही ताडून पाहता येतो.

चमकणारे, म्हणजे लुकलुकणारे दिवे जर्मनीत सायकलवर चालत नाहीत. पूर्वी डायनॅमोचा आग्रह होता. २०१३ पासून बॅटरीचे दिवे सगळ्या सायकलींना चालतात. २०१७ च्या सुधारणेत सायकलला हाय-बीम, दिवसाचा दिवा आणि ब्रेकलाइट लावायची मुभा मिळाली. डायनॅमोच्या दिव्यांची वीज अजूनही जुन्या मापाची, ६ व्होल्ट आणि ३ वॅट.

जर्मन नियमावलीवर जाचक म्हणून टीका होते. मला ती पटत नाही. अरुंद सायकलमार्गावर समोरून कुणी गोल टॉर्चचा झोत पाजळत आलं की दोघांपैकी एकालाच रस्ता दिसतो. मोटारीच्या दिव्यावर जी शिस्त आपण लादतो ती सायकलच्या दिव्यावरही हवी, कारण डोळे तेच आहेत.

ब्रिटनमध्ये १९८९ ची वाहन दिवे नियमावली लागू आहे. पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा, लाल परावर्तक आणि ऑक्टोबर १९८५ नंतर बनलेल्या सायकलींच्या पेडलवर नारिंगी परावर्तक. स्थिर दिव्यासाठी बीएस ६१०२ या ब्रिटिश मानकाच्या तिसऱ्या भागाचा किंवा समकक्ष युरोपीय मानकाचा दर्जा. चमकणारा दिवा तिथे २००५ पासून चालतो. मिनिटाला ६० ते २४० लुकलुक आणि किमान ४ कँडेला. नेदरलँड्समध्ये सुटा दिवा छातीला आणि पाठीला लावलेला चालतो, पण चमकणारा चालत नाही.

अमेरिकेत संघराज्याच्या ग्राहक सुरक्षा नियमाने (क्रमांक १५१२) विक्रीच्या वेळी सायकलला परावर्तक लागतात: पुढे रंगहीन, मागे लाल, पेडलवर, शिवाय चाकांच्या आऱ्यांना किंवा टायरला. दिवा मात्र त्यात नाही. तो राज्यांचा विषय. कॅलिफोर्नियात अंधारात पुढचा पांढरा दिवा ३०० फुटांवरून दिसला पाहिजे. इतर अनेक राज्यांत हा आकडा ५०० फूट आहे. अमेरिकी राज्यं मुख्यतः ‘तुम्ही लांबून दिसता का’ हे विचारतात, जर्मनी ‘तुमचा झोत कुणाला त्रास देतो का’ हेही विचारतं. अमेरिकेसाठी बनलेला तेजस्वी दिवा जर्मनीत का विकता येत नाही, त्याचं कारण या दुसऱ्या प्रश्नात आहे.

आयपी आकडा, उदाहरणार्थ आयपीएक्स४, पाण्यापासूनचं संरक्षण सांगतो. लिथियम बॅटरी असेल तर वाहतुकीसाठी यूएन ३८.३ चाचणीचा अहवाल लागतो, नाहीतर मालवाहू कंपनी खोका उचलत नाही. दोन्ही गरजेचे आहेत, पण दोन्हींपैकी एकही रस्त्यावर वापरायची परवानगी नाही.

शेवटची पायरी: झोत लावणं

इथवरचं सगळं बरोबर करूनही दिवा एक अंशाने वर राहिला तर मंजुरी फुकट. संयुक्त राष्ट्रांच्या नियमातल्या गाडीत, हेडलाइटजवळच्या पट्टीवर झोताचं चिन्ह आणि १.० टक्के किंवा १.२ टक्के असा आकडा असतो. एक टक्का म्हणजे १० मीटरवर १० सेंटिमीटर खाली.

गाडी सपाट जमिनीवर, टायरमध्ये नेमकी हवा, चालकाच्या जागी माणूस बसलेला आणि समोर १० मीटरवर भिंत. दिव्याच्या मध्याची उंची मोजा, समजा ७० सेंटिमीटर. भिंतीवर ६० सेंटिमीटरवर आडवी चिकटपट्टी लावा. लो-बीम पेटवा. सरळ कड पट्टीवर बसली पाहिजे आणि चढ आपल्या बाजूच्या कडेला गेला पाहिजे. एक दिवा कापडाने झाकून दुसरा तपासा, मग उलट करा. दोन्ही एकदम पेटवून लावायला गेलात तर कडा एकमेकांत मिसळतात. सायकलचा कड असलेला दिवाही असाच लावता येतो. सीटवर बसून कुणाला तरी भिंतीशी उभं करा आणि कड त्याच्या कमरेच्या खाली येईपर्यंत स्क्रू फिरवा. मग स्क्रू घट्ट करा आणि एखादा खडबडीत रस्ता फिरून आल्यावर कड पुन्हा भिंतीवर पाहा.